वाफा आपला, मांजरं गडग्यापलीकडची

गुहागर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

ताईंचं वय ५८. तीस वर्षं डोंबिवलीत नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी त्या यजमानांसह सासरच्या घरी कायमच्या राहायला आल्या. घरापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने अबोली, शेवंती आणि झेंडूचे तीन वाफे केले. ‘दसऱ्याला रोपं लावली, दिवाळीपर्यंत निम्मी उपटलेली. रोज सकाळी उकरलेली माती आणि तीत घाण. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची फुलं असावीत एवढीच इच्छा होती.’ गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, वहिनी सात-आठ मांजरांना खायला घालतात. ‘त्यांचे यजमान गेल्यापासून हा तांडा वाढलाय, आणि त्या सांगून ऐकणाऱ्यातल्या नाहीत.’ ताईंनी निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिल्या, आरडाओरडा केला, मासे धुतलेलं पाणी घालून रोपं पुन्हा जगवली. कुणी फिनाईल सांगतं, कुणी डांबराच्या गोळ्या, कुणी म्हणतं पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडा. एका नातेवाइकांनी तर ‘औषध घाला’ असंच सांगितलं. त्यातच मुलगी गरोदर आहे, सहावा महिना. पौषात ती बाळंतपणाला माहेरी येणार, आणि मांजराच्या विष्ठेने पोटातल्या बाळाला धोका असतो असं तिने कुठेतरी वाचलंय. ताई विचारतात, ‘ग्रामपंचायतीत तक्रार करू, की यातलं काही करू?’

प्रिय ताई,

आधी त्या ‘औषधा’बद्दल बोलू, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि मला तीच ओळ सगळ्यात जास्त टोचली. ते करू नका. मासळीच्या तुकड्याला लावलेलं विष मांजरच उचलेल असं नसतं. कावळा उचलतो, वाटेवरचा कुत्रा उचलतो, आणि विषाने मेलेला उंदीर पिंगळ्याने खाल्ला तर तोही जातो. मांजर लगेच मरत नाही, कुठेतरी मांगराखाली, म्हणजे वाडीतल्या खोपटाखाली, जाऊन तडफडतं. आपल्याकडची म्हातारी माणसं सांगत की मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं. एवढं मोठं प्रायश्चित्त त्यांनी उगीच सांगितलं नसणार. कायद्यालाही हे मान्य नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० सालापासून आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालणं किंवा मारणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पोत्यात घालून खाडीपार सोडणं लोकांना सौम्य वाटतं, म्हणून ते जास्त केलं जातं. पण अनोळखी जागी सोडलेल्या मांजराला ना खाणं ठाऊक, ना लपायची जागा, आणि तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हेही १९६०च्या कायद्यात गुन्हा म्हणूनच आलं आहे. शिवाय तुमच्या बाजूने पाहिलं तरी त्यातून काही साधत नाही. खाणं आणि निवारा जिथे आहे तिथली जागा रिकामी राहत नाही, महिन्याभरात दुसरी मांजरं येतात.

फिनाईल आणि डांबराच्या गोळ्यांबद्दल मी अनुभवाने सांगते. रत्नागिरीला आमच्या घरी काही वर्षांपूर्वी हाच त्रास होता, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून मी मोगऱ्याच्या आळ्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. मांजरं मोगरा सोडून चार हातांवरच्या तगरीखाली जाऊ लागली, एवढाच फरक पडला. पुढे आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी मला समजावलं, आणि तेव्हापासून मी हे कुणालाही सांगत नाही. मांजराचं यकृत फिनाईलसारख्या द्रव्यांचा निचरा नीट करू शकत नाही. ते पायाला लागतं, मग मांजर पाय चाटतं आणि ते पोटात जातं. डांबराच्या गोळ्याही त्याला विषारीच. तुमच्या घरी तर आता बाळ येणार, उद्या ते रांगायला लागेल. पांढरी गोळी दिसली की मूल ती तोंडातच घालणार. फिनाईल मातीत घातलं तर अबोलीच्या मुळांनाही ते सोसणार नाही, आणि तुमच्याकडची पुळणीची, म्हणजे वाळूची, जमीन पाणी किती चटकन खाली सोडते ते तुम्ही जाणताच. विहीर काही फार लांब नसेल. मिरचीपूडही नको. ती डोळ्यांत जाऊन जिवाची आग होते, आणि एका शिंपण्यात वाहून जाते. निळ्या बाटल्यांना मांजरं भीत नाहीत हे तुम्ही पाहिलंच आहे. लिंबाच्या, संत्र्याच्या साली टाकायला हरकत नाही, मांजरांना तो वास आवडत नाही, पण दोन दिवसांत साल सुकली की वास संपला. त्यावर भरवसा ठेवू नका.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. हे मांजरांचंच काम आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंय का? पत्रात तुम्ही सकाळी उकरलेली माती पाहिली असं लिहिलंय, मांजर पाहिलं असं नाही. आपल्याकडे रात्री अंगणात येणारे बरेच असतात. घूस असेल तर खोल बीळ आणि तोंडाशी मातीचा ढीग दिसतो. कोंबड्या दिवसा उकरतात आणि माती चहूकडे पसरतात. मुंगूस किड्यांसाठी लहान-लहान निमुळते खळगे करतं. कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, विष्ठा बियांनी भरलेली असते आणि ती दगडावर, गडग्यावर, कौलांवर, अशी उघड्यावर पडलेली असते. मांजराचा खड्डा उथळ, आणि वर माती ओढलेली. दोन-तीन दिवस पहाटे पडवीत बसून पाहा. मांजरं शक्यतो उजाडताना आणि दिवेलागणीला हिंडतात. कोणतं मांजर, कुठून येतं, कोणत्या वाफ्यात जातं, हे कळलं की पुढचं काम निम्मं होतं.

समजा, मांजरंच आहेत. तर ती तुमच्या फुलांसाठी येत नाहीत, तुमच्यावर किंवा तुमच्या शेवंतीवर त्यांचा काही रागही नाही. मांजराला शौचाला कोरडी, भुसभुशीत, सहज उकरता येणारी माती लागते. पावसाळ्यात सगळीकडे चिखल असतो, गवत माजलेलं असतं. आश्विनात पाऊस ओसरला आणि तुम्ही काय केलंत? गवत काढलंत, ढेकळं फोडलीत, पुळणीच्या मातीत शेणखत मिसळून वाफे मऊ केलेत. आख्ख्या आळीत मांजराला याहून चांगली जागा मिळणार नाही. आणि एकदा तिथे गेलं की वासाच्या खुणेवर ते पुन्हा तिथेच येतं, दुसरीही येतात.

त्यावर तुम्ही मासे धुतलेलं पाणी घालता. वाईट वाटून घेऊ नका, किनाऱ्यावर घरोघरी ते झाडांना घालतात आणि झाडांना ते मानवतंही. पण सात-आठ मांजरांच्या शेजारी तो वास म्हणजे रोजचं आमंत्रण. ते आजपासून बंद. बांगड्याचं, मांदेलीचं धुवण लांबच्या एखाद्या माडाच्या आळ्यात ओता आणि वर दोन फावडी माती ओढा. सुकटीचा चुराही वाफ्यात नको. शेणखत आणि वाडीतला कुजलेला पालापाचोळा फुलांना पुरतो. किनाऱ्यावरच्या इतर वाचकांनीही एक ध्यानात ठेवावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरच्या तुकड्यांवर जगणारी मांजरं घरांकडे सरकतात. त्या दोन महिन्यांत माशांचा कचरा जास्त सांभाळायला हवा.

आता वाफ्याचं काय करायचं ते सांगते. यातलं बहुतेक सामान तुमच्या घरातच निघेल.

पहिल्या दिवशी घाण झालेली वरची चार बोटं माती काढून टाका, विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा, आणि नवी माती भरा. हे केल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट राहतं, कारण वास तिथेच राहतो. मग रोपांच्या मधली जागा उघडी ठेवायची नाही, हे मुख्य. बंबात घालायला ठेवलेली नारळाची सोडणं असतीलच. ती हातभर लांब न ठेवता तुकडे करून रोपांच्या मध्ये खेटून मांडा, पाठ वर आणि तंतूंची बाजू मातीकडे. उलटी ठेवलीत तर वाटीसारखं पाणी साठून डास होतील. सोडणांवर मांजराला उकरता येत नाही, आणि खालची ओल टिकते, त्यामुळे शिंपणंही कमी लागतं. माझ्या अंगणात याच एका गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडला.

जिथे रोपं अगदी लहान आहेत तिथे सोडणं बसणार नाहीत. तिथे झावळीचे हीर वीतभर कापून, चार-चार बोटांवर उभे रोवा. मांजराला गोल फिरून बसायला जागाच मिळत नाही, आणि टोकं बोथट केलीत तर कुणाला इजाही नाही. करवंदीच्या काट्या टाकायला पुष्कळ जण सांगतील. मला त्या आवडत नाहीत. फुलं काढायला आपण अनवाणी जातो, आणि तुमच्याकडे तर आता लहान मूल वावरणार.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी जमिनीवर आडवी अंथरून वर थोडी माती पसरली तरी छान काम होतं, रोपं भोकांतून वर येतात. फक्त कडा खाली वळवून बांबूच्या खुंट्यांनी पक्क्या करा, आणि साधी लोखंडी जाळी घेऊ नका. खाऱ्या वाऱ्याने ती लवकर गंजते आणि मग तिचे तुकडे मातीत राहून हाताला लागतात. जस्ताचा मुलामा दिलेली किंवा जाड प्लास्टिकची घ्या. कुणी मासेमारीचं जुनं जाळं फुकट देऊ केलं, तर नको म्हणा. ते सैल पडतं आणि त्यात धामण अडकते, पक्ष्यांचे पाय गुंततात. वाडीत उंदीर कमी ठेवणारी धामण तुमच्या फुलांपायी मरायला नको.

अबोली आणि झेंडूला संध्याकाळी पाणी द्या, म्हणजे मांजरांच्या वेळेला माती ओली राहील, ओली माती ती टाळतात. शेवंतीला मात्र रोज संध्याकाळी भिजवू नका, मुळं कुजतील. तिला सोडणंच बरी.

एवढ्याने तुमचा वाफा बंद होईल. पण मांजराला कुठेतरी जायचंच आहे. एक दार लावलं तर दुसरं उघडं ठेवावं लागतं, नाहीतर आज शेवंती, उद्या पडवीतला वाळूचा ढीग. म्हणून घराच्या मागे, गडग्याच्या आडोशाला, साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल खड्डा करून त्यात वाडीतलीच कोरडी पुळण भरा. वर एखादा जुना पत्रा तिरका टेकवा, म्हणजे दव आणि पुढे पाऊस लागणार नाही. पहिल्या दिवशी वाफ्यातली खराब झालेली थोडी माती तिथे टाका, मांजरांना खूण पटते. रोज सकाळी तो साफ करायचा. हे ऐकून तुम्ही म्हणाल, मांजरं त्यांची आणि घाण मी काढू? रास्त आहे. हा खड्डा खरं तर गडग्याच्या पलीकडे, वहिनींच्या बाजूला असायला हवा. त्याकडे येतेच, आधी तुमच्या लेकीचं बोलू.

मुलीने वाचलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जीव मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडू शकतो, आणि गरोदरपणात त्याचा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर तो बाळापर्यंत पोचू शकतो. पण प्रत्येक मांजर तो कायम टाकत नसतं. मांजराला पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हा ते साधारणपणे काही दिवस ते काही आठवडे तो टाकतं. आणि ताजी विष्ठा लगेच संसर्ग करत नाही, त्याला निदान एक दिवस ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज काढून पुरणं इतकं महत्त्वाचं. पण जी राहून जाते, तिच्यातला जीव ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकू शकतो. तेव्हा लेकीने वाफ्यात हात घालायचा नाही, घाण काढायची नाही, एवढं पक्कं ठेवा. तुम्हीही हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. वाडीतली भाजी, कोथिंबीर नीट धुऊन घ्या. अर्धवट शिजलेल्या मटणातूनही हाच संसर्ग होतो, त्याची भीती मात्र कुणी घालत नाही, म्हणून मी सांगते. पूर्वी संसर्ग होऊन गेलाय का ते रक्ताच्या तपासणीत कळतं. तिच्या डॉक्टरांना ‘माहेरी शेजारी मांजरं आहेत’ एवढं सांगा, ते ठरवतील. अंगणातून मांजर गेलं म्हणून तिने येणं लांबवण्याचं कारण नाही. आणि हा जीव तुमच्या नाकाला वास देऊन येत नाही, त्यामुळे बाळ आल्यावर वाफ्याच्या मातीत त्याला खेळू द्यायचं नाही, हा नियम मांजरं असोत-नसोत पाळा. मांजराची विष्ठा खत म्हणूनही कधी वापरू नका.

आता वहिनी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘त्या सांगून ऐकणाऱ्यातल्या नाहीत’ असं तुम्ही लिहिता, पण तुम्ही त्यांना काय सांगितलंत, कधी, कुठे बसून, ते पत्रात कुठेच नाही. अंगणातून ओरडणं आहे, गडग्यावरून ‘तुमची मांजरं आवरा’ आहे. त्याला सांगणं म्हणता येणार नाही. आणि एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, यजमान गेल्यापासून मांजरं वाढली. त्या घरात संध्याकाळी कुणाची चाहूल असते, ताई? मुलं मुंबईला असतील तर गणपती आणि होळी सोडून त्या घरात त्या मांजरांखेरीज दुसरं कुणी नसेल. मी अंदाज करते आहे, चुकतही असेन. तुम्ही स्वतः तीस वर्षांनी परतलात. त्या गावात तुमचं नातं अजून नव्याने जुळतंय, आणि पौषात रात्री-अपरात्री लेकीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर घर उघडं टाकून तुम्ही कुणाला हाक माराल? गडग्यापलीकडेच ना?

म्हणून ग्रामपंचायतीच्या अर्जाआधी एकदा त्यांच्या ओटीवर जाऊन बसा. सकाळी, घाण पाहून डोकं तापलेलं असताना नको, संध्याकाळी जा. उरलेल्या अबोलीचा एक वळेसर घेऊन जा. मुलगी येणार हे सांगा, बायकांत ती बातमी कुठलंही दार उघडते. मग साधं बोला: ‘वहिनी, लेक येतेय, डॉक्टरांनी मांजरांच्या घाणीपासून सांभाळायला सांगितलंय. तुम्ही त्यांना खायला घालणं बंद करा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मांगरामागे एक वाळूचा खड्डा करू या. मी यांना सांगून खणून देते, तुम्ही रोज तेवढा साफ ठेवा.’ मांजरं जिथे जेवतात तिथून थोडं लांब, पण त्यांच्याच आवारात जागा मिळाली तर ती गडगा चढून यायचा त्रास घेणार नाहीत. खाणं ठरल्या वेळी, ठरल्या जागी घालावं आणि उरलेलं उचलावं, एवढंही त्यांना सुचवा, उंदीर-घुशीही त्याने कमी होतात. त्या पहिल्याच दिवशी ‘हो’ म्हणतील असं नाही. कदाचित मांजरांची बाजू घेऊन चिडतीलही. तेव्हा वाद वाढवू नका, उठा आणि आठवड्याने पुन्हा जा.

दोन-तीन भेटींनंतर नसबंदीचा विषय काढा, कारण खरा प्रश्न आज आठ असलेली मांजरं पुढच्या वर्षी किती होणार हा आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीनदाही. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, तिथे शस्त्रक्रिया होत नसेल तर कुठे होते ते ते सांगतील. वहिनींना ‘पाप’ वाटेल. त्यांना त्यांच्याच अंगणातली गोष्ट आठवू द्या, प्रत्येक पावसाळ्यात किती पिल्लं दगावतात आणि बोक्यांच्या भांडणात किती जखमी होतात. खर्च निम्मा-निम्मा करण्याची तयारी दाखवा. आधी मांजरी, मग बोके. बोक्यांचं भिंतीवर, तुळशीवृंदावनावर मुतून खूण करणंही त्याने बरंच थांबतं. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे लांबूनही ओळखता येतं आणि त्यालाच पुन्हा पकडलं जात नाही.

हे सगळं करूनही महिना-दोन महिन्यांत काहीच हललं नाही, तर ग्रामपंचायतीकडे जरूर जा. पण अर्जात वहिनींचं नाव घालून तक्रार लिहू नका. ‘आळीत मांजरं वाढली आहेत, नसबंदीसाठी पशुवैद्यकीय शिबिर घ्यावं’ अशी मागणी लिहा आणि वहिनींचीही सही घ्या. तुमच्यासारखीच अडचण असलेली आणखी चार घरं आळीत निघतील, तीही सही करतील.

राहता राहिले तुमचे मार्गशीर्षातले गुरुवार. मोडलेली शेवंती यंदा वेळेवर फुलेल असं मला वाटत नाही, तिच्या मागे लागू नका. अबोलीची जी झुडपं उभी आहेत ती सोडणं मांडताच सावरतील, आणि जास्वंद-तगर परसात असेलच, गुरुवार तेवढ्यावर भागवा. झेंडूचं बी मात्र आत्ताच टाका. दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे लेक येईल तेव्हा अंगण भरलेलं असेल. बी टाकलेल्या जागेवर चार पानं फुटेपर्यंत रोज संध्याकाळी जुनी रोवळी पालथी घाला, आणि तिच्यावर जांभ्याचा एक दगड ठेवा.